तेवीस हिरव्या खुणा

वाङ्मय मंडळाच्या ग्रुपवर यंदाच्या अंकाचा निरोप आला, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून एका व्हिडिओचा आवाज नीट येतोय का ते बघत होते. "ताई, तुम्ही आता शिकवता ना, मग तंत्रज्ञान आणि शिक्षण यावर काहीतरी लिहा," असं संपादक मुलीचं म्हणणं. 'यावर काहीतरी' लिहायला मला कधीच जमलं नाही, मंडळात असतानाही नाही. पण ऑक्टोबरात माझ्या वर्गात एक गोष्ट घडली. खरं तर माझ्या हातून घडली. तीच लिहिते.

मी मनावरची. कॉलेजात पहिल्या वर्षी हे सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "मनमाडजवळ का?" तर नाही. मनावर मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात, मान नदीच्या काठी. ही मान पुढे नर्मदेला मिळते. कापसाचा आणि मिरचीचा मुलूख. धार आणि देवासला पवारांची राज्यं होती तेव्हा जी मराठी घरं इकडे आली, त्यांतलं एक आमचं. इकडची आमची मराठी कशी, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. "मी येऊन राहिले आहे" असं एकदा स्टेजवर म्हणाले होते तर पहिल्या दोन रांगा हसल्या होत्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी., मग बी.एड., आणि गेली दोन वर्षं गावाजवळच्या एका सरकारी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हुद्दा 'अतिथी शिक्षक'. अतिथी म्हणजे काय, ते आमचं मानधन किती उशिरा येतं त्यावरून कळतं.

बी.एड.ला 'फ्लिप्ड क्लासरूम'वर एक पूर्ण आठवडा होता. कल्पना सोपी आहे. वर्गात शिक्षक समजावून सांगणार आणि मुलं घरी जाऊन गणितं सोडवणार, हा नेहमीचा क्रम उलटा करायचा. समजावणं व्हिडिओत भरून घरी पाठवायचं आणि जिथे मुलं अडतात ती सोडवणूक, तो प्रयोग, ते भांडण वर्गात शिक्षकांसमोर करायचं. अमेरिकेत कोलोराडोमधल्या वुडलंड पार्कच्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. त्यांनी २००७ साली आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. कारण अगदी साधं होतं. गाव आडबाजूला, खेळाच्या सामन्यांना आणि इतर कार्यक्रमांना जाणाऱ्या मुलांचे तास बुडायचे. बुडालेल्या मुलांसाठी केलेल्या व्हिडिओंतून पुढे सगळ्या वर्गाची रीतच बदलली. हे वाचताना मला एकदम आपलंसं वाटलं होतं. आमच्याकडे सामने नाहीत, पण कापूस वेचणी आहे, भगोरिया आहे, मजुरीसाठी गुजरातला जाणं आहे. तास बुडायला कारणं भरपूर.

नुसता व्हिडिओ पाठवला तर मुलं तो चालू ठेवून पोळी खातात, हे मला माहीत होतं. मीही तेच करायचे. म्हणून मधे थांबणारा व्हिडिओ करायचा. अशी काही ॲप्स आहेत. तीन मिनिटांनी चित्र थांबतं, प्रश्न येतो, उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. शिवाय कोणी किती पाहिलं, कुठे मागे जाऊन परत पाहिलं, कोणता प्रश्न चुकला, हे सगळं शिक्षकाच्या मोबाइलवर दिसतं. ज्याने पूर्ण पाहिलं त्याच्या नावापुढे हिरवी खूण.

मुलांनी याला नाव ठेवलं 'उल्टी क्लास'. हिंदीत उल्टी म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. पहिला आठवडा त्यातच गेला.

दहावीच्या विजेच्या धड्यापासून सुरुवात केली. साडेसहा मिनिटांचा व्हिडिओ, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल टेकवून मीच काढलेला. बाबांनी टॉर्च धरला होता. एका बॅटरीला दोन बल्ब, आधी एकामागे एक जोडलेले, मग शेजारी-शेजारी. तीन ठिकाणी थांबा. तिसरा प्रश्न असा: एकसर जोडणीत एक बल्ब काढून घेतला तर दुसऱ्याचं काय होईल? मंद होईल, जास्त उजळेल, विझेल की तसाच राहील?

वर्गात एक्केचाळीस मुलं. ठरलेल्या दिवशी सकाळी रिपोर्ट उघडला तर तेवीस हिरव्या खुणा. मला खरंच आनंद झाला. आईला दाखवला, चहा घेता घेता पुन्हा पाहिला. आणि मग अठरा जणांचा राग आला. एवढी रात्रभर बसून मेहनत केली आणि यांना सहा मिनिटं मिळत नाहीत?

वर्गात गेले आणि ज्यांच्या नावापुढे खूण नव्हती त्यांना उभं केलं. त्यात एक मुलगी होती, जिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. नदीपलीकडच्या एका फळ्यातून चालत येणारी, गणितात पक्की. (आमच्याकडे वस्तीला फळा म्हणतात, लिहायच्या फळ्याशी संबंध नाही.) तिचं नाव लिहीत नाही. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुमसे तो ये उम्मीद नहीं थी. झीरो पर्सेंट! खोला तक नहीं?" ती काही बोलली नाही. मी मोबाइल वर करून तिला तो शून्य दाखवला. हा भाग लिहायला नको वाटतोय, पण मी तो दाखवला.

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

पहिले काही दिवस मला वाटलं, वेचणी सुरू झाली, गेली असेल. नवव्या दिवशी तिच्या शेजारी बसणारी मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. या मुलीच्या नावापुढे हिरवी खूण होती. "मॅडमजी, उसने देखा था. हम पाँचों ने देखा था, मेरे भाई के मोबाइल पे. लॉगिन तो एक ही का होता है ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाच मुली एका घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. भावाने सात वाजता मोबाइल दिला होता. पहिल्या दोन प्रश्नांना फार वेळ लागला नाही. तिसऱ्याला व्हिडिओ थांबला तेव्हा भांडण झालं. चौघी म्हणत होत्या, एक बल्ब काढला तर दुसऱ्याला सगळी वीज मिळेल, म्हणजे तो जास्त उजळेल. ही एकटी म्हणत होती, विझेल. रस्ताच तुटला तर वीज जाईल कुठून? चौघींपुढे तिचं चाललं नाही. मोबाइल जिच्या भावाचा होता तिने 'उजळेल' दाबलं. चूक.

म्हणजे माझ्या रिपोर्टमध्ये त्या मैत्रिणीच्या नावावर एक हिरवी खूण आणि एक चूक उत्तर होतं. बरोबर उत्तर ज्या मुलीने दिलं होतं तिच्या नावापुढे शून्य होता, आणि तो मी सगळ्या वर्गाला दाखवला होता. उरलेल्या बावीस खुणांचंही मग विचारलं. चार-पाच जणांचे व्हिडिओ मोठ्या भावंडांनी पूर्ण केले होते, एकाचा मोबाइल दुकानातल्या मुलाने. तीन खुणांमागे दोन-दोन, तीन-तीन मुलं बसलेली.

त्या रात्री मी बी.एड.ची वही काढली. वहीत सगळं होतं, हेच जास्त लागलं. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१पासून फिजिक्सचा वर्ग ज्या पद्धतीने घेत आले, तिचं मर्म काय? प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं, आणि पुन्हा मत द्यायचं. त्या ओट्यावर पाच मुलींनी हेच केलं होतं, कोणी न सांगता. आपल्या मुंबईच्या आयआयटीत सहाना मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी जी रीत बसवली, तिच्यातही छोटा व्हिडिओ मधेच थांबवतात आणि शिकणाऱ्याला सांगतात, आता विचार कर, लिही, मग पुढे चल. थांब्याला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. माझ्या व्हिडिओत थांबा होता. त्या थांब्यावर काय घडतंय हे कळायची सोय माझ्याकडे नव्हती आणि मी त्याऐवजी खुणा मोजत बसले.

एक स्क्रीन आणि भोवती घोळका, ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. १९७५च्या ऑगस्टपासून वर्षभर 'साइट'चा प्रयोग चालला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम दिसायचे, गावाला एक टीव्ही. मध्य प्रदेशही त्यात होता. आणि १९९६ साली आमच्या शेजारच्या झाबुआत इस्रोने जे केलं ते तर मला फारच आवडतं. दीडशे गावांत टीव्ही लावले आणि बारा विकासखंडांच्या मुख्यालयांत उलट बोलायची सोय दिली, म्हणजे पाहणाऱ्याने अहमदाबादच्या स्टुडिओतल्या माणसाला प्रश्न विचारायचा. मी कॉलेजात 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो फार नवाकोरा वाटला होता. माझ्या घरापासून बसने जाण्याइतक्या अंतरावर तो माझ्या जन्माआधी येऊन गेला होता.

आणि मीच तरी कशी शिकले? शेवटच्या वर्षी क्वांटमचे व्हिडिओ आम्ही तिघी चॅपलच्या पायऱ्यांवर बसून एका मोबाइलवर बघायचो, कारण दोघींचा डेटा महिन्याच्या वीस तारखेला संपायचा. तेव्हा कोणी माझ्या नावापुढे शून्य लावला असता तर?

रविवारी बाबांची स्कूटर काढली आणि मैत्रिणीला मागे बसवून तिच्या फळ्यात गेले. घरी कोणी नव्हतं, सगळे शेतात. ती कमरेला फडक्याची झोळी बांधून कापूस वेचत होती. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे तिला थांबवून बोलणं म्हणजे तिचं वजन कमी करणं, हे मैत्रिणीने मला वाटेतच सांगितलं होतं. मग मीही वेचायला लागले. वाईट वेचला. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांची टोकं बोटांना लागतात, पाती कापसाला चिकटून येतात. तिची आई दुरून बघत होती, हसत होती.

मी म्हटलं, "मुझसे गलती हुई." ती म्हणाली, "कोई बात नहीं, मॅडमजी." हे वाक्य मुलं शिक्षकांना ज्या सुरात म्हणतात तो सुर तुम्हाला माहीत असेल. त्यात कोई बात असते. वडील मोबाइल घेऊन गुजरातला कामावर गेले होते, घरात एक बटणांचा फोन. हे तिने वर्गात सांगितलं असतं तर? पण तिने का सांगावं?

दुपारी विहिरीजवळच्या मोटरच्या खोपटापाशी पाणी प्यायला बसलो. मोटर बंद होती. ती अचानक म्हणाली, "मॅडमजी, एक बात पूछूँ? व्हिडिओ वाली नहीं है." मग विचारलं ते असं. मोटरीला तीन तारा येतात. कधी कधी एका तारेची वीज जाते. तेव्हा मोटर चालू केली तर ती फिरत नाही, नुसती हूँ-हूँ करते, आणि लगेच बंद केली नाही तर जळते. गेल्या वर्षी जळली होती, बांधून आणायला बरेच पैसे गेले. "दो तार में तो बिजली है ना? घर का पंखा तो दो ही तार पे चलता है. फिर मोटर क्यूँ नहीं चलती?"

बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. मला उत्तर देता आलं नाही. अर्धंमुर्धं माहीत होतं, पण पंख्याशी तिने जो सांधा जोडला तिथे मी अडकले. मी म्हटलं, "पता करके बताती हूँ."

मनावरच्या बाजारात मोटर बांधणाऱ्या एका काकांचं दुकान आहे. तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा वास, बाहेर उघड्या पडलेल्या मोटरींची रांग. त्यांना तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ते म्हणाले, "सवाल तो सही है लड़की का." मग छताचा एक जुना पंखा खाली घेतला, त्याचा कंडेन्सर काढला आणि चालू केला. पंखा हूँ-हूँ करायला लागला, जागचा हलेना. काकांनी पात्याला बोटाने हलकासा धक्का दिला. पंखा फिरायला लागला. बंद केला, थांबू दिला, उलट्या बाजूला धक्का दिला. उलटा फिरायला लागला!

घरी येऊन पुस्तकं काढली तेव्हा नीट बसलं. तीन फेजच्या तीन लाटा एकामागून एक येतात म्हणून मोटरीच्या पोटात चुंबकाचं क्षेत्र गोल फिरतं आणि आतल्या भागाला बरोबर ओढून नेतं. एक फेज गेली की ते गोल फिरत नाही, जागच्या जागी पुढे-मागे करतं. कुठल्या बाजूने सुरुवात करायची ते मोटरीला ठरवता येत नाही, ती थरथरत उभी राहते, वीज मात्र खूप खेचते आणि तारा तापून जळतात. पंख्याला मुळात एकच फेज मिळते; त्याचा कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्यातली लाट थोडी पुढे सरकवतो आणि सुरुवातीचा धक्का तयार करतो. दहावीच्या अभ्यासक्रमात हे नाही. पण धारच्या निमाडात दहावीतल्या मुलाने पाहिलेली मोटर ही असते, पुस्तकातली नसते.

दुसरा व्हिडिओ मी त्या दुकानात काढला. पहिल्याच थांब्याला तिचा प्रश्न. तिच्याच आवाजात हवा होता, म्हणून पुढच्या रविवारी परत जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड केला. तिने चार वेळा नकार दिला, पाचव्यांदा एका दमात बोलून टाकला. भाषाही बदलली. माझी हिंदी मुंबईत जाऊन आलेली. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात निमाडी आणि भिली. बी.एड.ला आम्हाला रणजितसिंह डिसले गुरुजींचं उदाहरण दिलं होतं. ग्लोबल टीचर प्राइझ, २०२०, पुस्तकांतले क्यूआर कोड. आमच्या सगळ्यांच्या लक्षात क्यूआर कोड राहिले. परितेवाडीची मुलं घरी कन्नड बोलतात म्हणून गुरुजींनी आधी ती भाषा शिकून घेतली, हे कोणी प्रश्नपत्रिकेत विचारलं नाही.

आता मी व्हिडिओ घरी पाठवतच नाही. एचफाइव्हपी म्हणून मूळ नॉर्वेतलं एक मोफत साधन आहे. त्यात थांबे घालून केलेला व्हिडिओ लॅपटॉपवर एका फाइलमध्ये उतरवता येतो, मग इंटरनेट लागत नाही. रिपोर्ट माझ्याकडे परत येत नाहीत, ते मला सोयीचंच आहे. ती फाइल तासाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत वर्गात लावायची. पाच-पाचांचे गट. थांबा आला की आधी प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत लिहायचं, कोणाशी न बोलता. त्या ओट्यावर एवढंच राहिलं होतं. मग भांडायचं, मग गटाची पाटी वर. आणि ज्याचं उत्तर गटापेक्षा वेगळं आहे त्याने हात वर करायचा. मी त्याचं आधी ऐकते.

याला फ्लिप्ड म्हणायचं का? पुस्तकाप्रमाणे नाही. देवासला बाबांचे एक स्नेही आहेत, निवृत्त मास्तर, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं पोरी, होशंगाबाद विज्ञानात आम्ही दुसरं काय करत होतो? आधी करून बघ, मग टोळीत बोल, मग मी." १९७२ साली होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, सोळा शाळांत हे काम सुरू झालं. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सुरू केलं. रसूलियाचं केंद्र क्वेकर ख्रिस्ती मंडळींचं, हे आपल्या कॉलेजातल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते. पुढे एकलव्य संस्थेने ते देवास-उज्जैनकडे आणलं. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची परवानगी होती. तीस वर्षं चाललं आणि २००२ साली सरकारने बंद केलं. "बंद का केलं?" मी विचारलं. काका म्हणाले, "ते विचारू नकोस, चहा घे."

ती दिवाळीनंतर आली. पहिल्या तासाला मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की त्या दिवशी रिपोर्ट चुकीचा वाचला तो मी, आणि तिसऱ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर तिचं होतं. ती बाकाकडे बघत होती. मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली, ती तिला आवडली नाही. मग व्हिडिओ लावला आणि स्पीकरवर तिचाच आवाज आला, मोटर हूँ-हूँ क्यूँ करती है. तिने ओढणीत तोंड लपवलं. पंख्याला कोणत्या बाजूने धक्का दिला तर तो कोणत्या बाजूला फिरेल, या थांब्यावर आठपैकी सहा पाट्यांवर 'घड़ी की दिशा' लिहिलेलं होतं. तिच्या गटाचीही तीच पाटी. हात मात्र तिचा वर होता.

वेचणीची शेवटची फेरी अजून बाकी आहे, त्यामुळे मंगळवार-बुधवार तिला जमत नाही. त्या दोन दिवसांच्या फाइली मी मैत्रिणीच्या भावाच्या मोबाइलवर टाकून देते. त्याची अट आहे: सात ते आठ, आणि बॅटरी वीस टक्क्यांखाली गेली की मोबाइल परत.